घरचंच तर कार्य आहे!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. खरं तर या विषयावर लिहिणार नव्हतो, कारण विषय घरातला आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी निम्मी मंडळी घरातलीच आहेत. पण गणपतीत ताईकडे जे झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. तिथे तोंडावर बोललो असतो तर गौरीच्या जेवणावळीत भांडण झालं असतं. म्हणून इथे.

झालं असं. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली आणि नेहमीप्रमाणे फर्माईश आली, "होऊन जाऊ दे!" मी पेटी काढली, भाच्याने तबला काढला. दोन अभंग झाले, एक नाट्यपद झालं, त्याला वन्स मोअर मिळाला. भावोजींच्या ऑफिसातले एक साहेब आले होते. त्यांनी भाच्याची पाठ थोपटली, "काय हात आहे हो पोराचा!" ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दोन तासांनी पाहुणे पांगले, घरचेच तेवढे उरलो. तेव्हा भाच्याने शांतपणे सांगितलं की इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष तो पूर्ण करणार आहे, पण कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणार नाहीये. तबला वाजवणार. पूर्ण वेळ.

आणि दोन तासांपूर्वी ज्या हाताचं एवढं कौतुक चाललं होतं त्या हाताला एकदम काय झालं कुणास ठाऊक. भावोजी पान न जुळवताच उठले. आत्या म्हणाली, "आवड वेगळी आणि पोटापाणी वेगळं." काका म्हणाले, "जोडीला करावं की. आपले वसंतराव देशपांडे नाही का, नोकरी सांभाळूनच गायले." आणि ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू समजाव रे त्याला. तू तर भोगलंयस."

म्हणजे मी आता शेतातलं बुजगावणं. पोरांना दाखवायचं, बघ, तबला-पेटीच्या नादी लागलास तर असा होशील.

तर ताई, मी समजावणार आहे. पण त्याला नाही. तुम्हाला.

*

पहिल्यांदा माझी बाजू स्वच्छ करतो. १९९८ साली मी नोकरी सोडली आणि तेव्हापासून पेटीवर पोट भरतोय. मुंबईच्या भाषेत एक पेटी म्हणजे एक लाख रुपये. माझ्याकडेही एक पेटी आहे, पण ती लाकडाची आहे. (ह. घ्या.) मी नावाजलेला वादक नाही. तरीही डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके आहे, मुलीचं शिक्षण झालं, कुणाकडे हात पसरला नाही. भोगलं नाही असं म्हणत नाही. पण काय भोगलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, तुम्ही गृहीत धरलंत.

आता या धंद्याचा हिशेब सांगतो. हो, धंदाच म्हणतोय. मैफलीच्या साथीवर घर चालत नाही, हे पहिलं सत्य. घर चालतं ते शिकवण्यांवर. त्याच्या जोडीला कथकच्या क्लासला साथ, नाट्यसंगीताचे आणि सुगमचे कार्यक्रम, कुणाच्या तरी अभंगांचं रेकॉर्डिंग, लग्नातलं संगीत, भजनी मंडळांच्या स्पर्धा. आणि हे सगळं ऋतूंप्रमाणे येतं. पाडव्याच्या पहाटे चार ठिकाणची निमंत्रणं असतात आणि आपण एकाच ठिकाणी असू शकतो. डिसेंबर-जानेवारीत झोप मिळत नाही. रामनवमीच्या नवरात्रात कीर्तनं आणि गीतरामायण. मग मे महिन्यात शिकवण्यांना सुट्टी, जूनमध्ये शुकशुकाट, आषाढीला पुन्हा जरा जाग. जो दिवाळीत मिळालेलं जूनपर्यंत पुरवायला शिकतो तो टिकतो. हे काही संगीतातलं गूढ नाही. कोकणातल्या कुठल्याही आंबेवाल्याला विचारा.

भोग हा नाही. भोग वेगळाच आहे.

*

भोगाचं नाव पाकीट.

कुठल्याही घरगुती कार्यक्रमाची यादी काढा. मंडपवाल्याचा दर ठरलेला असतो, तो ॲडव्हान्स घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही. केटररचा ताटामागे भाव असतो आणि किती पानं ते आदल्या दिवशी पक्कं सांगावं लागतं. साउंडवाला येतो, माइक लावतो, कार्यक्रम संपल्यावर पैसे मोजून घेतो, मगच वायरी गुंडाळतो. फुलवाला, फोटोवाला, गुरुजी, सगळ्यांचं ठरलेलं. त्या संपूर्ण मांडवात फक्त गाणारे-वाजवणारे असे असतात की ज्यांना आपल्याला किती मिळणार हे घरी जाताना लोकलमध्ये पाकीट उघडल्यावर कळतं.

आणि ते पाकीट देण्याची पण एक पद्धत असते. दोन्ही हातांनी, जरा वाकून, "आपल्या कलेचं मोल आम्ही काय करणार, हे आपलं फूल ना फुलाची पाकळी." बरोबर शाल आणि नारळ. आमच्या घरी शाली इतक्या आहेत की माळ्यावरच्या भांड्यांना पण थंडी वाजत नाही. आणि गंमत म्हणजे, ज्याचं मोल करता येत नाही असं सांगतात त्याचं मोल झालेलं असतं. साउंडवाल्याच्या निम्मं.

या व्यवहाराला आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, मानधन. प्लंबरची मजुरी असते, डॉक्टरची फी असते, वकिलाची तर असतेच असते. आमचं मानधन. शब्दात मान पुढे आहे, धन मागे आहे, आणि पुष्कळदा मानावरच भागवलं जातं. मागितलं की मान पण जातो.

फोन कसे येतात तेही सांगतो. "बाबांची पंच्याहत्तरी आहे, घरचंच कार्य आहे, फार काही नाही, तासभर वाजवा." किंवा, "बजेट नाहीये, पण श्रोते दर्दी आहेत." किंवा सगळ्यात डोक्यात जाणारं, "तुमचीही प्रसिद्धी होईल." माझं वय पन्नासच्या पुढे. माझी प्रसिद्धी आता नेमकी कधी व्हायची राहिली आहे?

आता जरा विचार करा, या फोनच्या पलीकडे कोण असतं? बिल्डर नसतो, मंत्री नसतो. ते लोक ठरवून पैसे देतात, तो माझा अनुभव आहे. पलीकडे असता तुम्ही-आम्ही. चांगल्या नोकरीतली, गाण्याची जाण असलेली, मुलांना गाण्याच्या क्लासला घालणारी माणसं. आणि हीच माणसं घरातल्या पोराने तबला घेतला की सांगतात, "संगीतात पैसा नाही."

नाही, बरोबर आहे. कारण तो तुम्ही दिलेला नाही.

*

"पूर्वी कुठे कोण गाण्यावर पोट भरत होतं?" असं काका म्हणाले. काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, पूर्वीच भरत होते.

अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते, फैयाजखाँसाहेब बडोद्याच्या गायकवाडांकडे. ती नोकरीच होती. संगीत नाटक कंपन्यांत ऑर्गनवाला, सारंगीवाला, तबलजी कंपनीच्या खर्चाने राहायचे. साक्षात अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला होते. त्यांना "जोडीला काय करता?" असं कुणी विचारलं नसेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाच्या कृपेवर नाही, लोकांच्या आधारावर. (पुढे कर्ज फिटेना म्हणून त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची वास्तू लिलावात गेली. लोकांचा आधार कसा असतो तेही तेव्हाच कळलं म्हणायचं.) १९४९ साली कोल्हापूर आणि बडोदा ही संस्थानं विलीन झाली. नाटक कंपन्या तर त्याआधीच कर्जात बुडत चालल्या होत्या. आश्रय देणारे गेले. त्यांच्या जागी आपण आलो. आपण म्हणजे श्रोते.

माझ्या वाद्याचं तर काय सांगू. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ साली उठवली. तीस वर्षं सरकारी बंदी, आणि तरी पेटीवाले जगले. बंदीने मेले नाहीत ते "घरचंच कार्य आहे"ने मरतील असं मला कधी कधी वाटतं.

मग पैशाचं बोलायची ही लाज आली कुठून? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गाण्याचा पैसा घेणाऱ्या बाया म्हणजे नायकिणी, कलावंतिणी. गोव्याच्या ज्या कलावंत घराण्यांनी आपल्याला मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर दिल्या, त्या घराण्यांकडे समाज कसा बघत होता ते वेगळं सांगायला नको. उस्तादांचं गाणं ऐकायचं, पण त्यांना ओसरीवर बसवायचं. मग हळूहळू गाणं आपल्या माजघरात आलं. हिराबाई बडोदेकरांसारख्यांनी जाहीर मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली, शाळा-परीक्षा निघाल्या, मुली तंबोरा घेऊन बसायला लागल्या. फार चांगलं झालं. पण गाणं घरात घेताना आपण त्याला सोवळं नेसवलं. त्याला साधना म्हणालो, सेवा म्हणालो, ईश्वरी देणगी म्हणालो. सेवेचे पैसे कसे मागायचे? गाणं उंबऱ्याच्या आत आलं आणि गाण्याचा पैसा उंबऱ्याबाहेरच चपलांजवळ राहिला.

म्हणून मला "साधना" हा शब्द ऐकला की पाकीट चाचपावंसं वाटतं. साधना मी सकाळी सहाला दार लावून करतो. ती माझी आणि माझ्या गुरुजींची. संध्याकाळी सात ते दहा मी तुमच्याकडे करतो ते काम असतं.

*

आता तुमच्या आक्षेपांकडे येतो. सगळे खोटे नाहीत.

"तो काय झाकीर हुसेन होणार आहे?" हे भावोजी म्हणाले. बहुतेक नाही होणार. पण भावोजी, तुम्ही स्वतः सिव्हिल इंजिनिअर. तुम्ही इंजिनिअरिंगला गेलात तेव्हा तुमच्या वडिलांनी विचारलं होतं का, "तू काय विश्वेश्वरय्या होणार आहेस?" तुम्ही चांगले इंजिनिअर झालात, वेळेवर पूल बांधलेत, तेवढ्यावर तुमचा संसार उभा राहिला. आणि तो राहायलाच हवा होता. मग तबलजीलाच एकदम शिखरावर का जायला लावता? एका बड्या गवयाच्या मागे स्टेजवर तबला, पेटी, दोन तंबोरे असतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तेव्हापासून त्या मंचावर जेवढे गवई बसले त्यांच्या कितीतरी पट साथीदार बसले असतील. ते सगळे झाकीर हुसेन नव्हते. पण ते नसते तर मैफल नसती. तुमचं सगळं कौतुक पोस्टरवरच्या मोठ्या टायपाला आणि सगळी काळजी घरातल्या पोराला. मधल्या बारीक टायपात जगणारी माणसं तुम्हाला दिसतच नाहीत.

"वसंतराव नोकरी करूनच गायले." हो काका, ते बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात होते. या गोष्टीचा तुम्हाला अभिमान वाटतो, मला वाईट वाटतं. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं आणि आपण वेडे झालो. पण तो गळा ज्या तासांत हिशेबाच्या वह्या तपासत होता ते तास कुणाचे गेले? आपले गेले. वसंतरावांनी नोकरी केली यात त्यांचा मोठेपणा आहे. त्यांना ती करावी लागली यात आपला नाही.

"लोकांनाच नको आहे, मग पैसा कुठून येणार?" हा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो मी अर्धा मान्य करतो. शास्त्रीय संगीताचा श्रोता थोडा आहे, हे खरं. पण जो आहे तो काय करतो बघा. दिवाळी पहाट. "प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव." पहाटे पाचला रांग, पैठण्या, अत्तर, फराळ, हॉल तुडुंब. खर्च कुणाचा? स्टेजमागे ज्याचा फलक लागला आहे त्याचा. त्याने पुढच्या वर्षी हात आखडला की पहाट बंद. वर्षानुवर्षं फुकट ऐकून आपल्याला आता तिकीट काढलं की आपण कलाकारावर उपकार केल्यासारखं वाटतं. संगीत बारीला नको तो नियम नाही, डीजेला नको तो नियम नाही. लग्नात डीजेला मागेल ते देणारी माणसं रिसेप्शनच्या शहनाईवाल्याशी घासाघीस करताना मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा पैसा नाही असं नाही. तो आमच्यासाठी काढलेला नाही.

आणि आता जे खरंच कठीण आहे ते. पगार नाही, पीएफ नाही, आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे नाहीत. घराच्या कर्जासाठी एका बँकेत गेलो तेव्हा तिथल्या माणसाने पगाराची स्लिप मागितली. नाही म्हटल्यावर त्याने फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं ते दोन मिनिटं शोधलं आणि शेवटी "इतर" लिहिलं. २०२० च्या मार्चमध्ये सगळे कार्यक्रम एका आठवड्यात रद्द झाले. त्या वर्षी मी फोनवर पेटी शिकवली. समोरच्याची बोटं दिसायची एका क्षणी आणि सूर पोचायचा पुढच्या क्षणी. माझ्या ओळखीच्या एका वादकाने तेव्हा भाजीची गाडी लावली आणि नंतर तो परत आला नाही. रेकॉर्डिंगचंही तसंच. कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, सादर करणाऱ्या कलाकाराचाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर हक्क मानला गेला. पण मी ज्या अभंगांवर पेटी वाजवली त्यातल्या एकाही वेळी माझ्यापुढे कागद आला नाही. आणि मीही मागितला नाही.

"मीही मागितला नाही." इथे मला जरा थांबायला हवं.

*

कारण आत्तापर्यंत मी सगळा दोष तुमच्यावर टाकला आणि स्वतः नामानिराळा राहिलो. ते खरं नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच नात्यात एक पंच्याहत्तरी झाली. कुणाची ते सांगत नाही, वाचणाऱ्यांना कळेल. मला म्हणाले, "घरचंच आहे, तू आहेसच, एक तबला घेऊन ये." मी बदलापूरच्या एका मुलाला फोन केला. वय वीस-एकवीस, हात फार गोड. त्याने विचारलं, "दादा, कसं आहे?" आमच्या धंद्यात 'कसं आहे' म्हणजे किती मिळतील. आणि मी, तोंड वर करून इतकी वर्षं इतरांना नावं ठेवणारा मी, त्याला म्हणालो, "अरे, घरचंच कार्य आहे."

तो आला. संध्याकाळच्या गर्दीत तबला-डग्ग्याची बॅग घेऊन लगेजच्या डब्यातून ठाण्यापर्यंत. घामाघूम. येता येता तबल्याच्या पुडीला धक्का लागला होता. ती सुरात आणायला त्याला वीस मिनिटं लागली, तोवर लोक म्हणत होते, "चला, सुरू करा." दीड तास फार सुरेख वाजवलं त्याने. शेवटी त्याला शाल आणि नारळ मिळाला. मला पाकीट मिळालं. नात्यातलं म्हणून मी ते तिथेच परत केलं आणि सगळ्यांनी माझ्या मोठेपणाचं कौतुक केलं. त्या मुलाचं पाकीट होतं का, हे मी विचारलंच नाही. त्याच्या देखत मी मोठा झालो, त्याच्या खर्चाने.

पुढे दोन-तीनदा फोन केला तर म्हणाला, "दादा, शनिवारी बॅच असते." मला वाटलं, चांगलं चाललंय पोराचं. वर्षभराने दुसऱ्याच कुणाकडून कळलं की त्या दिवशी त्याला दुसरीकडे पैशाचा कार्यक्रम होता, तो त्याने माझ्या शब्दाखातर सोडला होता.

मी त्याच्याकडे गेलो, पैसे दिले. त्याने घेतले, "असू दे हो दादा" असं एकदाही न म्हणता. बरं वाटलं मला. तो माझ्यापेक्षा पुढे गेला आहे.

तर तात्पर्य काय, 'घरचंच कार्य' हे फक्त तुम्ही म्हणत नाही. आम्ही पण म्हणतो, आमच्याहून लहान माणसाला. थोरला गवई पेटीवाल्याला म्हणतो, पेटीवाला तबलजीला म्हणतो, तबलजी शिष्याला म्हणतो, "शिकायला मिळतंय ना?" ही साखळी कुणीतरी कुठेतरी तोडायला हवी.

*

भाच्याला मी काय सांगितलं ते आता सांगतो. तुम्ही उठून गेल्यावर गच्चीत बसून आम्ही बोललो.

त्याला म्हटलं, झाकीरभाई डोक्यातून काढ, पण रोजचे चार तास काढू नकोस. आकाशवाणीची ऑडिशन दे. बी ग्रेड मिळाली तरी चालेल, ती कागदावरची पहिली ओळख असते. शिकवण्या कर आणि मनापासून कर. दहावीच्या वाढीव गुणांसाठी आलेली पोरं असतील, त्यातला एखादा उरतो, त्याच्यासाठी कर. गाण्याला साथ शिक, कथकला शिक, अभंगाचा ठेका पण हलका मानू नकोस. दिवाळीतले पैसे जूनसाठी ठेव. आरोग्य विमा पहिल्या वर्षी काढ, हात हेच भांडवल आहे. कुणी विचारलं की आकडा सांग, आणि सांगितल्यावर गप्प बस. आपण गप्प बसत नाही, लगेच "तुम्हाला जमेल तसं" म्हणतो, तिथे घात होतो. फुकट वाजवायचं असेल तर वाजव, पण ते तू ठरव, समोरच्याने नाही. आणि जेव्हा तू कुणाला बोलावशील तेव्हा पहिला फोन पैशाचा कर.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तुला पश्चात्ताप होतो का?"

मी म्हटलं, पेटीचा नाही होत. परत केलेल्या पाकिटांचा होतो.

दोन-तीन वर्षांत जमलं नाही तर त्याच्याकडे डिग्री आहेच. तेव्हा तो नोकरी शोधेल आणि त्यात काही कमीपणा नाही. पण ते त्याने करून बघून ठरवावं. गौरीच्या जेवणाच्या दिवशी पान न जुळवता आपण ठरवू नये.

*

असो. शेवटचं आणि कामाचं.

मार्गशीर्षात भावोजींची एकसष्ठी आहे. ताईचा परवा फोन होता, "गाण्याचं तूच बघ रे, घरचंच तर कार्य आहे." भाचा तबल्याला असणार हे तिने धरूनच चालवलंय. ज्या हाताने पोट भरू नये असं तिला वाटतं, तोच हात.

तर ताई, भावोजी, माझं उत्तर इथे सगळ्यांसमक्ष लिहितो. मी पेटी वाजवीन आणि एक पैसा घेणार नाही. मेहुण्याकडून ती माझी भेट, मी ठरवून दिलेली. गायिका बाहेरची आहे, तंबोऱ्याला तिची शिष्या असेल, त्यांचा आकडा भावोजींना वेगळा कळवलाय. निम्मे आधी. आणि तबलजीचा जो दर आहे तो तबलजीला द्यायचा, तो तुमचा मुलगा असला तरी. नाहीतर दुसरा तबलजी बघा, बदलापूरचा एक चांगला मुलगा मला माहीत आहे. तो ॲडव्हान्स घेतो.

एकूण खर्च केटररच्या साधारण वीस ताटांएवढा आहे. जास्त वाटत असेल तर वीस माणसं कमी बोलवा. नावं मी सुचवू शकतो. :-)

शाल-नारळ नको. माळ्यावर जागा नाहीये.